अंगणाच्या त्या टोकाला मिरच्या

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून नीट पाहिला आणि म्हणाले, "हाड छान जुळलंय. आता यांनी चालायला हवं. या उन्हाळ्यात चालल्या नाहीत, तर पुढे मग कठीण आहे." सासूबाई शेजारी व्हीलचेअरवर बसून छताच्या पंख्याकडे बघत होत्या, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल बोलणं चाललंय. नवऱ्याने मान डोलावली. मी मात्र तिथेच मनाशी खूणगाठ बांधली, की काहीही होवो, यांना चालवायचंच.

खुब्याचं हाड बाथरूममध्ये पडून मोडलं होतं. ऑपरेशन झालं, टाके निघाले, फिजिओथेरपीची मुलगी रोज येऊन व्यायाम करून घेऊ लागली. पलंगावर बसून सासूबाई सांगितलेलं सगळं करायच्या. उभ्या राहायच्या, वॉकर धरायच्या, दोन पावलं टाकायच्या, पण मी किंवा नवऱ्याने दंड धरला असला तरच. हात सुटला की तिथल्या तिथे खाली बसायच्या. शेवटी ती मुलगी मला स्वयंपाकघरात घेऊन गेली आणि हळूच म्हणाली, "काकू, आजींना सगळं येतंय. त्या करत नाहीत एवढंच."

मी माहेरची गिरगावची आणि सासरची करी रोडची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी माझं पाणी जोखून ठेवलं होतं. "ही गिरगावकरीण दिसते गरीब, पण एकदा धरलं की सोडत नाही," असं त्या शेजारणींना सांगायच्या, आणि त्यात तक्रार किती आणि कौतुक किती ते मला कधी कळलं नाही. त्या स्वतः तरी कुठे कमी होत्या? गिरणीच्या ऑफिसात कारकून असलेल्या माझ्या सासऱ्यांच्या पगारात त्यांनी दीड खोलीत चार माणसं आणि गावाहून येणारे अगणित पाहुणे सांभाळले होते. अशी बाई पलंगावर बसून राहते हे मला बघवत नव्हतं. खरं सांगायचं तर दया कमी आणि राग जास्त यायचा.

आमची चाळ पाडून त्याच जागेवर टॉवर झाला, त्याला आता तीन-चार वर्षं झाली. घर छान आहे, चोवीस तास पाणी आहे, पण चालायला म्हणाल तर सोफ्यापासून टीव्हीपर्यंत. दाराबाहेर लांबलचक पॅसेज आहे, गुळगुळीत लाद्या, दिवसाही ट्यूबलाईट. "चला, पॅसेजमध्ये एक फेरी मारू," म्हटलं की सासूबाई तोंड फिरवायच्या. मला वाटायचं, बाहेर काही बघण्यासारखं नाही म्हणून कंटाळतात. म्हणून मी ठरवलं की यांना अशा ठिकाणी न्यायचं जिथे जमीन सपाट आहे, आभाळ आहे आणि सोफा नाही.

ऑफिसातली एक मैत्रीण मुरबाडच्या पुढे एका शेतावर राहून आली होती. फार्मस्टे. शेतकऱ्याचंच घर, पाहुण्यांसाठी बाजूला दोन खोल्या, चुलीवरचं जेवण. मी मालकांना फोन लावला. पायऱ्या आहेत का? कमोड आहे का? बाथरूमच्या लाद्या खरखरीत की गुळगुळीत? अंगण सारवलेलं की फरशीचं? अंगणात उतरायला उंबरठा किती उंच? एवढं सगळं ऐकून घेतल्यावर ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, "ताई, तुम्ही राहायला येताय की घर विकत घ्यायला?"

घरी सांगितलं तर सासूबाईंनी साफ नकार दिला. "मला इथेच बरं आहे. तुम्ही दोघं जा, मजा करा." दोन दिवस मी त्यांच्या मागे लागले. तिसऱ्या दिवशी जेवताना त्यांनी भातावरून नजर न काढता विचारलं, "ऊन असेल ना तिथे? कडक?"

"भरपूर. सगळं अंगण उन्हात आहे."

"मग माझ्या लेकाला सांग, लालबागला मिरची गल्लीत जाऊन ये म्हणावं. बेडगी, काश्मिरी आणि थोडी संकेश्वरी. धणे गावठी बघून घ्यायचे."

मी कपाळाला हात लावला. मग लगेच मनातल्या मनात टाळीही वाजवली. चाळ होती तोवर दर उन्हाळ्यात गच्चीवर आमच्या मिरच्या वाळायच्या, मग भाजून डंकावर कुटून वर्षाचा मसाला बरणीत जायचा. टॉवरमध्ये पार्किंगच्या वरच्या मोकळ्या पोडियमवर वाळवणं घालायला सक्त मनाई आहे, तशी पाटीच लावलीय. त्यामुळे टॉवरमध्ये आल्यापासून आमच्याकडे विकतचा मसाला, आणि प्रत्येक घासाला सासूबाईंची टीका. आता त्या स्वतःहून मिरच्या मागवत होत्या. ही बाई मिरच्यांच्या मागे चालेल, अशी माझी खात्री झाली.

दुनिया फार्मस्टेला जाताना पोहण्याचे कपडे नेते. आम्ही डिकीत मिरच्यांची दोन पोती आणि धण्यांची पिशवी घातली. लालबागच्या पुलावर चढेपर्यंत नवरा शिंकायला लागला, ठाण्यापर्यंत मी. एसी बंद करून काचा उघडल्या तर बाहेरची गरम हवा आत आणि आतला ठसका तिथेच. सासूबाई तेवढ्या नाकाला पदर लावून निवांत बसल्या होत्या. "चांगली मिरची आहे," एवढंच म्हणाल्या.

शेतावर पोहोचलो तेव्हा मालकांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. चाळिशीची, हसऱ्या तोंडाची. तिला आम्ही पहिल्या दिवसापासून वहिनीच म्हणायला लागलो. नवऱ्याने डिकीतून पोती काढली तशी ती बघतच राहिली. "लोक बाटल्यांचे खोके घेऊन येतात हो इथे," ती म्हणाली, "मिरच्या घेऊन कोणी आलं नव्हतं."

अंगण मनासारखं होतं. सारवलेलं, सपाट, घराच्या पडवीपासून निघून पार विहिरीपर्यंत गेलेलं. पडवीजवळ आंब्याची सावली, विहिरीजवळ रखरखीत ऊन. सासूबाईंना पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, वॉकर हाताशी ठेवला, आणि मी जुन्या साड्या अंथरून मिरच्या आणि धणे विहिरीजवळ, अंगणाच्या त्या टोकाला पसरले. मुद्दामच. नवऱ्याच्या लक्षात आलं. तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण माझे डोळे बघून गप्प बसला.

थोड्या वेळाने पडवीतून आवाज आला. "अगो, मिरच्या वरखाली कर. एका बाजूने भाजतील."

मी वहिनीच्या बाजूला बसून कैऱ्या चिरत होते. "आई, मी हात लावणार नाही. ज्यांचा मसाला त्यांनी बघायचा."

"काय?"

"तुम्ही या आणि करा. मी सोबत चालते हवं तर."

नवरा उठायला लागला तसं मी म्हटलं, "तू बस." तो बसला. वहिनी कैरी चिरायची थांबून आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघत राहिली. तिच्या घरी मुंबईचे पुष्कळ पाहुणे येऊन भांडून गेले असतील, पण हे भांडण तिला नवीन असावं.

दुपारभर आमचं हेच चाललं. जेवणं झाली, सासूबाई खुर्चीत पेंगल्या, जाग्या झाल्या, मिरच्यांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मीही हट्टाला पेटले होते. मला वाटत होतं, आता उठतील, आता उठतील. मग वहिनीच्या कोंबड्या आल्या. मिरच्यांना त्यांनी विचारलंही नाही, थेट धण्यांवर गेल्या. पायांनी उकरत, चोच मारत, धणे चौफेर उडवत त्यांनी मेजवानी मांडली. सासूबाई खुर्चीत पुढे सरकल्या. "हुश! हुश! अगो, त्या मेल्या धणे खातात बघ!" वहिनी धावणार होती, मी तिचा हात धरला. सासूबाईंचा हात वॉकरवर गेला.

त्यांनी वॉकर घट्ट धरला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला, आणि सोडून दिला. पाठ मागे टेकली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या. "खाऊ देत."

पावशेर मिरचीसाठी मिरची गल्लीत दुकानदाराच्या नाकात दम आणणारी ही बाई. चाळीच्या गच्चीवर कोणाच्या पोराने आमच्या वाळवणावर पाय दिला तर त्याच्या आईपर्यंत तक्रार नेणारी. ती म्हणते, खाऊ देत. म्हणजे हिने खरंच सोडून दिलं. मी धावत गेले, कोंबड्या हाकलल्या आणि ओणवी होऊन दोन्ही हातांनी मिरच्या वरखाली करायला लागले. रागाने केल्या, आणि त्याच हातांनी डोळ्यातलं पाणी पुसलं.

पुढचं काय सांगावं? वहिनी कळशी घेऊन धावली, मी विहिरीपाशी बसून डोळ्यांवर पाण्याचे हबकेच्या हबके मारत होते. नवरा उगाच इकडून तिकडे करत होता. जरा डोळे उघडता आले तेव्हा मी तशीच पडवीत जाऊन सासूबाईंच्या पायाशी बसले.

"फार झोंबतंय?" त्यांनी विचारलं.

"झोंबतंय. पण मी मिरचीमुळे नाही रडत. तुमच्यामुळे रडतेय. मला भीती वाटते आई. तुम्ही अशाच बसून राहाल आणि एक दिवस उठणारच नाही."

त्यांनी विहिरीजवळच्या मिरच्यांकडे बघितलं. ऊन उतरायला लागलं होतं. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू? माझ्या लेकाला नको सांगूस. त्या दिवशी मी संध्याकाळी नाय पडले."

मला कळेना.

"तू ऑफिसातून आलीस तेव्हा मी म्हटलं, आत्ताच पडले. आत्ता नाय. दुपारी जेवून हात धुवायला गेले, तेव्हाच पडले. मग हाका मारल्या. आधी तुला मारल्या, मग ह्याला, तुम्ही कामावर गेलात हे माहीत असून. मग चाळीतल्या एकेकीच्या नावाने मारल्या. ज्या गेल्या त्यांनापण मारल्या. बादली आपटली. बाजूच्यांच्या टीव्हीचा आवाज मला ऐकू येत होता गो. म्हणजे माणूस होतं तिथे."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू नोकरी सोडून घरी बसली असतीस. तुला काय मी आज ओळखते?" त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पडायची भीती नाय मला. चाळीत काय कमी वेळा पडले? पोटुशी होते तेव्हा जिन्यावरून पडले. पण पडल्याचा आवाज झाला की चार जणी धावत यायच्या. आधी उचलायच्या, मग शिव्या घालायच्या. आता पाऊल उचललं की मला वाटतं, पडले तर कोण येणार?"

डॉक्टर, फिजिओथेरपीची मुलगी, नवरा, मी, आम्ही सगळे इतके महिने त्यांच्या पायाकडे बघत होतो. मी त्यांना नुसतं उठा, चाला म्हणत राहिले होते. डोळे अजून चुरचुरत होते, पण आता काय करायचं ते मला स्वच्छ दिसलं.

"उद्या सकाळी तुम्ही चालायचं," मी म्हटलं, "आणि हाका मारायच्या. चार पावलं टाकली की हाक. ओ आली तरच पुढे जायचं. ओ आली नाही तर तिथेच उभं राहायचं, मी येते."

"वेडी झालीस? लोक काय म्हणतील?"

"इथे लोक गाणी लावून नाचतात. तुमच्या हाकांचं काय घेऊन बसलात?"

सकाळी न्याहारी झाली आणि मी सगळ्यांना जागा वाटून दिल्या. नवरा विहिरीपाशी. वहिनी भांडी घासायच्या दगडाशी. मी त्यांच्या बाजूला, पण हात न लावता. वहिनीला मी कारण सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, की आजींनी हाक मारली की ओ द्यायची. तिने "बरं" म्हटलं आणि राखेचा हात भांड्यावर फिरवायला लागली.

सासूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. पाय थरथरत होते. एक पाऊल, दुसरं, मग थांबल्या. "अगो, आहेस?"

"आहे, आई."

आणखी थोडं. "अरे बाळा?"

"ओ, आई!" नवऱ्याचा आवाज फुटला. त्याला काही माहीत नव्हतं, तरी.

मी हळूहळू मागे राहायला लागले. त्या पुढे जात होत्या, थांबत होत्या. "वहिनी?" "हाय हाय आजी, हितंच हाय." मग कोणीही न विचारता आंब्यावरून मालकांचा आवाज आला, "मी पण आहे आजी!" ते वर कैऱ्या काढत बसलेले आम्हाला कोणालाच दिसले नव्हते. सासूबाईंनी मान वर केली आणि हसल्या. ऑपरेशननंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

मिरच्यांपाशी पोहोचल्यावर वहिनीने स्टूल आणून दिलं. त्यावर बसून त्यांनी माझ्या आदल्या दिवशीच्या कामाची चिरफाड केली. "ह्याला वरखाली म्हणतात? नुसत्या इकडच्या तिकडे लोटल्यात. आणि देठ?" दिवसभरात त्यांच्या पडवी ते विहीर अशा बऱ्याच फेऱ्या झाल्या. दर वेळी मी थोडी आणखी लांब उभी राहिले, एकदा तर घराच्या मागे गेले आणि भिंतीपलीकडून ओ दिली. कोंबड्यांना त्यांनी वॉकरनेच हाकललं.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "इथे ठीक आहे. घरी गेल्यावर काय?"

"घरी गेल्यावर मी मजल्यावरचं एकेक दार वाजवणार आहे," मी म्हटलं. "ज्याचा टीव्ही ऐकू येत होता, त्याचं सगळ्यात आधी. भाडेकरू असोत नाहीतर कोणी असोत. सांगणार, आमच्या आई रोज दुपारी पॅसेजमध्ये फिरणार आहेत, हाक मारतील, ओ द्यायची. आणि आपलं आतलं दार उघडं राहील, नुसतं सेफ्टी डोअर लावायचं. दुपारच्या सोबतीला एक बाईही बघते. नोकरी सोडत नाही, घाबरू नका."

"हाकलून देतील तुला."

"बघू कोण हाकलतंय ते."

रात्री जेवताना वहिनीने आणलेली दुसरी भाकरी त्यांनी परत पाठवली नाही.

निघायच्या दिवशी मी खोलीत बॅगा भरत होते. मिरच्या कडकडीत वाळल्या होत्या, हातात घेतल्या की मोडत होत्या. नवरा आणि मालक पोती भरून गाडीकडे नेत होते. सासूबाई अंगणात फिरत होत्या. "आहेस का गो?" ऐकू यायचं, मी आतून "आहे" म्हणायचे आणि कपड्यांच्या घड्या घालायचे. ओले टॉवेल पिशवीत कोंबताना माझ्या ध्यानात आलं, की बराच वेळ हाक आलेली नाही.

मी अनवाणीच बाहेर धावले. पडवीतली खुर्ची रिकामी. अंगणात कोणी नाही. आणि विहिरीच्या कठड्याला टेकून वॉकर उभा. नुसता वॉकर.

"आई!" मी एवढ्या जोरात ओरडले, की गोठ्यातली गाय धडपडून उभी राहिली. विहिरीपर्यंत कशी गेले ते मला आठवत नाही. आत वाकून पाहिलं. खाली काळं पाणी, बाकी काही नाही.

"काय झालं?" मागून आवाज आला.

सासूबाई वहिनीच्या स्वयंपाकघराच्या, विहिरीकडे उघडणाऱ्या मागच्या दारात उभ्या होत्या. एक हात चौकटीला, दुसऱ्या हातात कालथा. चुलीवर धणे भाजत होते, त्याचा वास इथपर्यंत आला होता. वहिनी त्यांच्या मागून डोकावत होती. धणे किती भाजायचे यावरून त्यांचा वाद चालला असावा, कारण सासूबाईंच्या तोंडावर तो जुना, चाळीतला चेव होता.

"हाक का नाही मारलीत?" मी विचारलं.

त्या जरा विचारात पडल्या. "विसरले गो," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून, "आणि ओरडतेस काय एवढी? मी काय बहिरी आहे?"

मी कठड्यावर बसले. पाय लटपटत होते, माझे.

"बस, बस तिथेच," सासूबाई म्हणाल्या. "उठू नकोस. मी पाणी आणते तुला."

आणि भिंतीला हात लावत लावत त्या पाणी आणायला आत गेल्या. वॉकर माझ्या बाजूलाच होता.